हलीमाबीची उधारी

तवा कोन कोन होतं त्यायची नावं आधी घेतो. हलीमाबी होती, जिचं हे सारं सांगनं हाय. माही माय भागीरथी होती. किसन पाटील होते, त्यायची बायको रखमाबाई होती. आकोल्याचा बन्सीशेट होता, दान्याचा मोठा व्यापारी. आन् मी होती, सरू, परकर घालाच्या वयाची. गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे, नदीच्या काठी. एवढ्यायपैकी आता माह्याशिवाय कोनी नाई. मले लिवता येत नाई, नातजावई लिवून घेऊन राहिला. मधामधात मले थांबवून इचारते, "आजी, हे असंच लिवू का?" असंच लिव बाप्पा.

हलीमाबी दिसाले काही नोती. बुटकी, एका खांद्यानं वाकलेली, अंगाले मिरचीचा वास. नवरा मेल्यावर दुकान तिनंच चालवलं. दुकान म्हंजे चावडीमांगची एक छपरी. तिच्यात जवारीचे पोते, मीठ, मिरची, गोडंतेल, आन् दारात तुराटीचा झाडू. तो झाडू झाडाले कमी आन् बकऱ्या हाकलाले जास्ती. बकऱ्यायशी तिचं वैर होतं. जिची बकरी पोत्याले तोंड लावे तिच्या मालकाच्या नावानंच ती बकरीले शिव्या दे. "ए किसन पाटील, निकल उधर से! शरम नाई तेरेकू!" असं ती ओरडे, आन् पाटील पलीकडे चावडीत बसून गुमान ऐकत.

आमी साऱ्या पोरी तिले चाची म्हनो.

चाची बसून कधी मोजत नोती. उभी राहून, कमरेत वाकून पायली भरे. पहिल्या मापाले 'एक' म्हनत नोती, 'बरकत' म्हने. मंग दोन, मंग तीन. मोजताना कोनी मधात बोललं का झालं. तोंडातून शब्द काढत नोती, मोजलेली जवारी सारी पोत्यात ओते आन् पुन्हा 'बरकत'पासून सुरू करे. टवाळ पोट्टे मुद्दाम इचारत, "चाची, पाऊस येते का व आज?" चाची ओते. जिची जवारी मोजनं चालू राहे ती बाई मंग त्या पोट्ट्याच्या पाठीत धपाटा घाले.

देताना तिची पायली काठोकाठ, वरून हात फिरवून सपाट. परत घेताना शिगोशीग, दाने घरंगळून खाली पडेपर्यंत. त्या वरच्या शिगेवर तिचं पोट चाले. ती लपवत नोती. पारावरचा एक बुढा तिले नेहमी छेडे.

"काहून व चाची, तुमच्यात व्याज हराम हाय ना? मंग हे शीग काय हाय?"

"शीग है बुढ्या. गाडी का भाडा है. आकोले से जवारी क्या तेरे कंधे पे आती?"

"माह्या खांद्यावर आनली त शीग माफ करशीन?"

"आ ना, जुत जा. एक बैल की जगा खाली है."

बुढा हासे, सारा पार हासे. चाची हासत नोती. तिच्या हासन्याचा आवाज कसा होता, ते मले सांगता याचं नाई.

मंग ते कापसाचे वर्षं आले. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकायची आपसात लढाई लागली म्हने, आन् त्यायच्याकडचा कापूस बंद पडला. आमाले त्या लढाईचं काय समजे? आमाले एवढं समजलं का अमरावतीच्या बाजारात कापसाले कधी कोनी ऐकला नाई असा भाव हाय. मंग काय! जिथं जवारी पेरत तिथं पराटी, कापसाचं झाड. जिथं तूर तिथं पराटी. मसनवटीच्या धुऱ्यालेही पराटी टोबली लोकायनं. बैलबंड्या भरून कापूस अमरावतीले जाये, आन् येताना काचेच्या हंड्या, पितयी घागरी, इलायती कापड येये. पाटलायनं एक घड्याल आनलं होतं. ते ओसरीत टांगलं. टोले साऱ्या गावाले ऐकू येत, पन किती वाजले ते पाटलायलेही सांगता येत नसे. तरी कोनी घरी आलं का पाटील घड्यालाकडे पाहून मान हालवत.

आन् पेव रिकामे. जमिनीत खनलेले जवारीचे मोठाले पेव, आमच्या लहानपनी त्यात मानूस उभा राहे. पाटलाच्या पेवात त्या वर्षी मांजरीनं पिल्लं देल्ले. पैसा होता, जवारी नोती. आताच्या पोरायले हे सांगतलं त हासतात, म्हनतात आजी काहीच्या काही सांगते. पन मी रखमाबाईले पाह्यलं हाय, पायात चांदीचे तोडे घालून, हातात टोपली घेऊन चाचीच्या छपरीपुढं उभी असलेली.

पयले चाचीची उधारी पैशानं फिटे. पावसायात जवारी न्या, हंगामात पैसे आनून द्या. त्या वर्षी मिरगाच्या तोंडाशी तिनं साऱ्यायले सांगून टाकलं. उधारी चालू राहीन, पन पैशानं फिटनार नाई आन् कापसानंही फिटनार नाई. जवारी नेली त जवारीच आनून द्याची. नसन जवारी पेरली, त आपल्या पराटीत मधामधात जवारीचे तास टाकाचे, पेरनीच्या रांगा. ते तास चाचीचे.

पाटील चिडले. "चाची, नगद पैसा देऊन राहिलो ना मी. कलदार रुपये. तुले पैसा नाई पायजे?"

"पैसा लेके मैं आकोले जाती पाटील. शेट बोलता, पैसे से जवारी नाई. पैसा तुमारे पास भी है, मेरे पास भी है, शेट के पास तो बोरे भरके है. जवारी किसके पास है, वो बताव."

कोनापाशी असन?

"तो फिर पेरो," म्हने चाची. "जिसकू मेरे दुकान का खाना है, उसने मेरे तास टाकना."

लोकायनं हासत हासत टाकले. एक तास जवारीचा म्हंजे एक तास पराटीचा कमी, म्हंजे इतके रुपये गेले, असा हिशोब करत करत टाकले. पन टाकले, काहून का पावसायात खाचं काय, हा सवाल साऱ्यायच्याच घरी होता.

आमच्या घरी वावरच नोतं. बाप पटकीनं गेला होता. माय लोकायच्या वावरात कापूस येचे, आन् त्यातला वाटा भेटे. पावसायात येचनी नाई. तवा आमी तरोट्याची, रानात आपोआप उगवते त्या पाल्याची, भाजी उकडून खाऊ. मीठ असलं त मीठ, नसलं त तशीच. त्यानं पोट फुगे पन भरत नोतं. मायले उधार मागाची लाज होती. भूक लागली का ती आमाले नदीवर न्हाले ने, म्हने, पान्यात भूक कमी लागते. लागत नाई कमी. मी न्हाऊन पाह्यलं हाय.

एक दिवस चाचीनंच तिले आवाज देल्ला. "क्या गे भागी, मेरा दुकान तेरे रस्ते में नाई क्या?"

"चाची, मले वावर नाई. तुमचे तास मी कुठं टाकू?"

"तास तो सब टाके. राखेगा कोन? पाखरं भी मेराच खाते." मंग तिनं पायली उचलली. "साऱ्या वावरातले मेरे तास तू राखनेका, तू खुडनेका, तू झोडनेका. तेरी उधारी उसमें वळती. अब बोल मत, मोजती मैं. बरकत."

माय बोलली नाई. त्या दिवशी आमी भाकर खाल्ली. माय तव्यापाशी बसली होती आन् भाकर भाजून झाल्यावरही उठत नोती, तिचे डोये चुलीच्या धुरानं भरले असं तिनं आमाले सांगतलं.

तसं मायचं काम लागलं. मी मचानावर गोफन घेऊन बसो, पाखरं हाकलो. ह्याच्या वावरात दोन तास, त्याच्या वावरात तीन तास, पराटीच्या मधात जवारी उंच उभी. दुरून पाह्यलं त असं वाटे का बसलेल्या लोकायच्या मधात कोनी उभं राह्यलं. पाटलाच्या वावरातले तास साऱ्यात जास्ती होते, काहून का पाटलाच्या घरी खानारे तोंडं जास्ती.

दिवाळीच्या सुमाराले कनसात दूध भरलं. तवाच पहिल्या येचनीचा कापूस निंगाला आन् बंड्या अमरावतीले जाची घाई सुटली. जो पहिले पोचन त्याले भाव जास्ती. पन बैलायनं चालाले त पायजे! बैल खाते कडबा, आन् कडबा येते जवारीचा. जवारीच पेरली नाई त कडबा कुठून येईन? हे कोनाच्या डोक्यातच आलं नोतं. पैसा हातात आला का बैलाचं पोट कोनाले आठवते? गावातले बैल हाडाले लागले होते.

एका सकायी माय पाटलाच्या वावरात राखनीले गेली, त तिथं जवारी नाई. फक्त धांडे कापलेले बुडखे. पाटलाच्या गड्यायनं हिरवी जवारी, दूध भरलेल्या कनसासकट, कापून बैलायपुढं टाकली होती.

माय तशीच धावत चाचीकडे आली. मीही तिच्या मांगं. चाची मोजून राहिली होती. माय बोलली. चाचीनं पायलीतली जवारी पोत्यात ओतली नाई. पायली हातातच राह्यली. असं मी तिचं कधी पाह्यलं नोतं.

आता यात काय गेलं ते समजून घ्या. बन्सीशेट चाचीले पोते उधार दे तेही याच बोलीवर, पोत्याले पोतं. जुने पोते साऱ्याच्या सारे परत आले तरच पुढच्या पावसायाचे नवे पोते. एक कमी आलं तरी नाई. पाटलाचे तास गेले म्हंजे शेटचे पोते भरत नाई. शेटचे पोते भरले नाई म्हंजे पावसायात चाचीची छपरी रिकामी. म्हंजे अख्खं गाव तरोट्यावर. आमी तर पयलेच तरोट्यावर होतो, पन आमाले आता भाकरीची सवय लागली होती.

चाची पाटलाच्या वाड्यावर गेली. आत नाई गेली, ओट्याखाली उभी राह्यली.

"पाटील, तुमारे बैलोंने मेरी उधारी खाई."

पाटील ओशाळले होते, पन आवाज मोठा. "चाची, बैल उपाशी होते. किती झाले सांग, पैसे घेऊन जा."

"किस भाव से?"

"जो आज बाजारात असन त्या भावानं."

"आज के भाव से पैसा लेती मैं. आखाड में आज के भाव से जवारी देते क्या तुम मेरेकू?"

पाटील घड्यालाकडे पाहाले लागले.

"मेरेकू जवारी होना पाटील. परतवाडे के बाजार में है. डोंगर के लोक अब भी पेरते, वो तुमारे जैसे शहाने नाई हुए. तुमारी बंडी अमरावती कू भरके जाती और हंड्या लेके आती. उससे बोलो, परतवाड्या तक जा, जवारी लेके आ."

"अन् ते दिवस फुकट? बंडीचं भाडं काय चालू हाय माईत हाय का तुले? परतवाड्याले जाऊन येईपर्यंत माह्या दुसऱ्या खेपा बुडतीन. नाई जमत."

तवा रखमाबाई घरातून बाहीर आली. ती नवऱ्यापुढं कधी बोललेली कोनी ऐकली नोती. कनकीचे हात तसेच होते.

"बंडी परतवाड्याले जाईन," म्हने.

"तू आत जा व."

"जातो. बैल माह्या बापानं देल्ले हाय. तुमाले जाचं नसन त बंडी ठेवा, बैल माहे जातीन."

पाटलायनं मिशीवरून हात फिरवला, मंग दुसऱ्या हातानं दुसऱ्या मिशीवरून फिरवला. बैलाशिवाय बंडी काय कामाची? खाली उभ्या चाचीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन् म्हने, "पाटलीनबाई, तुमारी बकरी आज से माफ."

बंडी परतवाड्याले गेली. माय म्हने, जवारी आली तवा तिचा रंग आमच्या जवारीपरीस पिवया होता, दाना बारीक होता, पन भाकर चांगली होये. बाकीच्या वावरातले तास मायनं खुडले, झोडले. साऱ्यायनं शिगोशीग मोजून देल्लं. मंग पोते घेऊन चाची आकोल्याले निंगाली, संगं मायले घेतलं. तिथं काय झालं ते मायनं मले इतक्या खेपा सांगतलं का मीच तिथं होती असं वाटते.

बन्सीशेटचा मापारी पोत्यातून जवारी मोजून घेऊन राहिला होता आन् मापावर शीग चढवून राहिला होता. चाचीनं त्याचा हात धरला.

"काठोकाठ दिया था, काठोकाठ लेव."

शेट गादीवरून म्हने, "हलीमाबी, तू गाववाल्यायकडून शीग घेते ना? मंग मीही घेतो."

"वो गाडी का भाडा है शेटजी. उनके यहां गाडी मैं ले जाती. तुमारे यहां भी मैंच लेके आई. भाडा तो तुमने देना मेरेकू."

शेट आधी चाचीकडे पाह्यला, मंग बंडीकडे, मंग मापाऱ्याले म्हने, "काठोकाठ घे रे." आन् नवे पोते बंडीत टाकाले सांगतले. माय म्हने, परत येताना चाची साऱ्या रस्त्यानं बैलायशी बोलत होती, मानसाशी एक शब्द नाई.

त्या पावसायात आमच्या गावात चूल इझली नाई कोनाची. मी इतकंच सांगू शकतो. दुसऱ्या गावायत काय झालं ते मी पाह्यलं नाई, ऐकलं हाय, ते सांगत नाई.

पुढं ती लढाई सरली म्हने. कापसाचा भाव असा पडला का लोकायनं कापूस घरात भरून ठेवला, भाव येईन म्हनून, आन् पोट्टे त्याच्यावर उड्या मारत. भाव आला नाई. पाटील स्वताच छपरीवर आले. "चाची, यंदा किती तास टाकू?"

"बैल को पूछके टाको," म्हने ती. पाटील हासले. कडबा त्यायलेही पायजेच होता.

माहं लगन पातूरकडे झालं. सासरी निंगाली तवा आमची बंडी छपरीपुढून गेली. चाचीचं एक पोतं फाटलं होतं आन् ती रस्त्यात उकिडवी बसून धुळीतले दाने येचून राहिली होती. बोट ओलं करे, दाना उचले, पदरात टाके. मी वरून आवाज देल्ला, "चाची, जातो व मी!" तिनं मान वर केली नाई. दुसऱ्या हातात पोतं शिवाचं दाभन होतं, ते हालवलं. "जा गे जा. बैल कू थांबाव मत, चाक दाने पे आता." गाडीवानानं चाक बाजूनं काढलं. मी मांगं वळून पाहात राह्यली. ती तिथंच होती, वाकलेली, रस्त्यात. ते तिचं शेवटचं दिसनं.

दुसऱ्या पावसायात ती तापानं गेली. मले कोनी निरोप धाडला नाई, मानूस तरी कोन होतं तिचं? मी माहेरी आली तवा छपरीत पाटलाच्या बकऱ्या बांधल्या होत्या.

माय म्हने, चाची गेली तवा अर्ध्या गावाकडे तिची जवारी बाकी होती. कोनीच मोजली नाई. "आता कोनाले द्याची? घेनारीच राह्यली नाई," म्हनाले लागले. चांगले लोक होते हो ते, चोर नोते. पन शेटचे पोते त परत गेले नाई. मंग शेटनं आमच्या गावात दुसऱ्या कोनालेच माल देल्ला नाई. एकदोन जनायनं दुकान टाकू म्हनून पाह्यलं, शेट म्हने, पयले हलीमाबीचे पोते आना. कोनाचं कोन आननार?

माय मजुरीच्या जवारीतून आपली बाकी जमवून, ती डोक्यावर घेऊन पायी आकोल्याले गेली आन् शेटच्या ओट्यावर ओतली. शेटनं इचारलं, "हे कोनाचं?" "हलीमाबीचं," म्हने माय. शेटनं घेतली. पन एका बाईच्या पायलीनं शेटचं पोतं भरत नाई. पुढच्या पावसायात गाव पुन्हा तरोट्यावर आलं. माहा लहाना भाऊ त्याच पावसायात गेला. त्याचं नाव मी वर घेतलं नाई, आताही घेत नाई.

जो कोनी हे वाचन त्याले माहं एकच मागनं हाय. तुमच्या गावातल्या लहान दुकानातून दाने उधार नेले असतीन आन् तो दुकानदार मेला, त दाने ठेवून घेऊ नका. त्याच्या घरच्यायले द्या. घरचे नसतीन, त ज्यानं त्याले माल देल्ला त्याच्याकडे नेऊन टाका. आजच्या आज टाका.